वाकळ आणायला आटपाडीला

त्या रविवारी आमच्या साताऱ्याच्या चर्चमध्ये पाळकसाहेबांनी स्वार्थावर मोठा संदेश दिला. आपल्याआधी दुसऱ्याचं बघा, म्हणाले. मी तीन वेळा मोठ्यानं ‘आमेन’ म्हणालो, आणि तिन्ही वेळा पुढच्या बाकावरच्या आमच्या शेजाऱ्याकडे बघून, कारण नळाला पाणी आलं की तो आधी स्वतःचा हंडा लावतो.

घरी आलो, जेवलो, आणि दुपारी माझ्या धाकट्या बहिणीचा, मार्थाचा, फोन आला. ती आटपाडीजवळच्या आमच्या जन्मगावच्या वाडीत राहते. वाडीतच दिली होती.

“दादा, आईच्या तिन्ही लुगड्यांची वाकळ शिवली बग. लय झ्याक झालीय. यंदा कापणीच्या सणाला देवाला द्यायची.”

मी “बरं केलंस” म्हणालो आणि फोन ठेवला. पण बरं वाटलं नव्हतं. आईची लुगडी इतकी वर्षं मार्थाच्या ट्रंकेत होती हे मला माहीत होतं. त्यांची कधीतरी वाकळ होईल आणि ती थोरला म्हणून माझ्याकडे येईल, हेही मी मनात पक्कं धरून होतो. गुडघे माझे गार पडतात, देवाचे नाही.

म्हणून मी जायचं ठरवलं. लोकांना सांगितलं, बहिणीला भेटायला आणि उपासनेला चाललोय. दोन्ही खरंच होतं.

माझं शिक्षण सातवी नापास. चाळीस वर्षं एका दवाखान्याच्या धोबीखान्यात चादरी धुतल्या, तेव्हा लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. कपड्याबद्दल मात्र मी चुकत नाही.

शनिवारी सकाळी सातला मी सातारा स्टँडवर होतो. गाडी आठची होती, पण ती सातलाच सुटली तर काय, या भीतीनं लवकर गेलो. सामान: एक उशी, पाण्याच्या दोन बाटल्या, कानटोपी, मफलर, बॅटरी, रक्तदाबाच्या गोळ्या, पोट बिघडलं तर गोळ्या, आणि पोट बिघडलंच नाही तर खायला शेंगदाण्याची चटणी. सगळं एका मोठ्या पिशवीत.

जाणाऱ्यांसाठी सूचना: पंचाहत्तरी ओलांडली असेल तर एसटी फुकट, आधार कार्ड जवळ ठेवा. सकाळच्या गाडीत डाव्या बाजूला बसा, उजवीकडे ऊन लागतं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी. मी एक रुमाल माझ्यासाठी टाकला आणि एक पिशवीसाठी.

कोरेगावपर्यंत पिशवी आरामात बसून आली. तिथं गर्दी झाली. एक म्हातारी हातात कोंबडीची पाटी घेऊन माझ्या डोक्यावर उभी राहिली. मी खिडकीबाहेर बघत होतो. डोंगर फार सुंदर दिसत होते.

“आवं आजोबा,” कंडक्टर म्हणाला, “पिशवीचं तिकीट काढलंय का?”

“माझंच नाही, तर पिशवीचं कुठनं काढू?”

“मग तुमी दोघंबी फुकट, आन् ही आजी अर्धं तिकीट काढून हुबी! न्याय हाय का ह्यो?”

गाडी हसली. मी पिशवी वर फळीवर ठेवली, आत उशी होती म्हणून जरा जपून. म्हातारी बसली, पाटी तिनं पायाशी घेतली, आणि कोंबडी माझ्या चपलेकडे बघायला लागली. मी मनात नोंद केली, की आज एक निःस्वार्थ काम झालं. पुसेगाव येईपर्यंत मला स्वतःबद्दल बरं वाटत होतं.

दहिवडीच्या पुढे हिरवं संपतं. ऊस कुठंच नाही. माळ, बाभळी, मेंढरं, आणि मधेच डाळिंबाच्या बागा. रस्ता आता चांगला आहे. पूर्वी या रस्त्यानं कंबरडं मोडायचं, आता नुसतं दुखतं. म्हसवडला गाडी थांबते. सिद्धनाथाच्या यात्रेच्या दिवसांत इकडे येऊ नका, उभं राहायलासुद्धा जागा मिळत नाही. एरवी स्टँडवर कांदाभजी गरम मिळतात, पंचवीसची प्लेट. मी भजी खाल्ली आणि लगेच पोटाची गोळीही घेतली. तिथून दिघंचीवरून आटपाडी दुसऱ्या गाडीनं, आणि आटपाडीहून वाडीपर्यंत वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी जीप. तीस रुपये. वडापवाला सगळ्यांना आजोबा म्हणतो आणि टपावर बसवायला बघतो. नाही म्हणा.

मार्थानं बाजरीची भाकरी, वांगं आणि डाळिंबाचे दाणे पुढं ठेवले. मी जेवत होतो पण लक्ष कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे होतं. शेवटी तिनंच वाकळ काढून अंगणातल्या उन्हात पसरली.

मी आयुष्यभर कापड हाताळलंय. हात लावल्याबरोबर कळलं. हिरवं इरकल, ते आई शेतात नेसायची, उन्हानं विटलेलं. तांबडं, ते माझ्या लग्नातलं. आणि मधे चौकोनात बसवलेलं पांढऱ्या ठिपक्यांचं, ते फक्त रविवारचं. टाके इतके बारीक आणि सरळ, की मला जरा रागच आला.

“मार्थे, देवाला वाकळीचा काय उपयोग गं? त्याला काय थंडी वाजते?”

“तुला वाजती म्हनून त्येला नगं व्हय?”

“तसं नाही. पण आपल्या आईची आठवण. लिलाव होऊन परक्याच्या घरात जाणार.”

ती वाकळीवरचा दोरा दातानं तोडत म्हणाली, “दादा, आई कापणीच्या सणाला कुठं बसायची, आठवतं का?”

मला आठवत होतं. सगळ्यात मागं, दाराजवळ. लोक जोंधळ्याची कणसं, भोपळे, कोंबड्या घेऊन वेदीपाशी जायचे. आई रिकाम्या हातानं मागं बसून गाणी म्हणायची.

“एक डाव तरी तिच्या नावानं पुढं काय तरी जाऊ दे,” मार्था म्हणाली. “येवढंच माजं म्हननं हाय.”

मी पाणी प्यायला उठलो. कारण मला आणखी एक गोष्ट आठवत होती, जी मी कधीच कुणाला सांगितली नव्हती. मी आठ वर्षांचा असताना आमच्या कोंबडीनं पहिलं अंडं घातलं. सणाच्या सकाळी आईनं ते पदरात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि वेदीपाशी ठेवायला सांगितलं. मी ते वाटेतल्या दुकानात देऊन लिमलेटच्या गोळ्या घेतल्या. घरी येऊन सांगितलं, ठेवलं.

रविवारी प्रार्थनामंदिर भरून गेलं. मंदिर म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. पत्र्याला तीन भोकं आहेत आणि यंदाच्या अर्पणातून पत्रा बदलायचा होता. वेदीपुढं भोपळे, बाजरी, डाळिंबाच्या पाट्या, दोन कोंबडे, आणि घडी घातलेली वाकळ. मार्था ती स्वतः पुढं घेऊन गेली. परत येताना तिनं दाराजवळच्या चटईकडे एकदा बघितलं. तिथं आता सोजरआजी बसते. नव्वदीची असेल, मागं कुणी नाही, आणि अंगावर जाळी पडलेली शाल.

उपासनेनंतर या सगळ्याचा लिलाव होतो. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो: इथं वस्तू विकत घेणारा ती घरी नेऊ शकतो, पण रीत अशी की तो म्हणतो, “परत देवाला.” मग तीच वस्तू पुन्हा लिलावात. एकेक भोपळा चार-चार वेळा विकला जातो. नेलीत तर कुणी काही म्हणत नाही. फक्त सगळे बघतात.

लिलाव पुकारायला मंडळीतले एक ज्येष्ठ, फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, लोक त्यांना सुभेदार म्हणतात. वाकळ आली आणि मी हात वर केला. एका बागवाल्यानं माझ्यावर चढवलं. मी पुन्हा हात वर केला. आकडा इथं लिहीत नाही, माझा मुलगा पुण्याहून हे वाचतो. शेवटी वाकळ माझी झाली.

“शांतवनराव, साताऱ्याचं पाव्हणं!” सुभेदार ओरडले. मग थांबले. सगळे माझ्याकडे वळले. दोन शब्द म्हणायचे होते.

मी वाकळ मांडीवर घेतली आणि तिची घडी नीट करायला लागलो. घडी आधीच नीट होती.

“बरं,” सुभेदार म्हणाले. “नेक्स्ट आयटम. सोजरआजीचं अंडं!”

एक अंडं. वाटीत ठेवलेलं. बागवाल्यानं घेतलं, “परत देवाला.” शिक्षिकाबाईंनी घेतलं, “परत देवाला.” वडापवाला, जो मला टपावर बसवत होता, त्यानंसुद्धा घेतलं आणि परत दिलं. अंडं हातोहात फिरत होतं आणि सोजरआजी बोळक्या तोंडानं हसत मोजत होती, “आगाई, सा डाव इकलं गं माजं!” होता होता त्या अंड्याची रक्कम माझ्या वाकळीच्या पुढं गेली.

मग मला काय झालं कोण जाणे, मीही हात वर केला. अंडं माझ्या हातात आलं. कोमट होतं. “परत देवाला,” मी म्हणालो. केवढ्या टाळ्या पडल्या! मांडीवर वाकळ धरून मी त्या टाळ्या घेतल्या.

सोमवारी मार्थानं मला वाटेत खायला भाकरी बांधून दिली, आणि वाकळ पिशवीत मावेना म्हणून माझी उशी ठेवून घेतली.

परतताना मी विटा-कराडवरून आलो. लांब पडतं, पण गाड्या जास्त आहेत आणि कराडला चहा बरा मिळतो. संपूर्ण वाट पिशवी माझ्या शेजारी बसून आली. कुणी उठवलं नाही. या कंडक्टरला बोलायची हौस नव्हती.

घरी वाकळ उबदार आहे. हे कबूल करायला पाहिजे. गुडघे खरंच दुखत नाहीत. पण पांढरे ठिपके तोंडाशी आले की मला रविवार आठवतो, आणि ते पायाशी घेतले की आईच्या रविवारच्या लुगड्यावर पाय ठेवल्यासारखं वाटतं. असं चार दिवस मी वाकळ फिरवत होतो. पाचव्या दिवशी सकाळी मार्थाला फोन केला आणि ती अंड्याची गोष्ट सांगून टाकली. अडुसष्ट वर्षांनी.

ती हसायलाच लागली.

“आरं दादा, आईला ठावं हुतं! दुकानदारानं त्याच दिवशी, उपासनेच्या आदीच, अंडं आणून दिलं हुतं माघारी. म्हनला, तुझ्या पोरानं देवाचं अंडं इकलं.”

“मग ती मला बोलली का नाही?”

“तुला समद्यांम्होरं लाज वाटंल म्हनून. मला मरायच्या आदी सांगितलं. त्या दिशी तिनं त्ये अंडं न्हेलंच न्हाई म्होरं. पोराचं बिंग फुटंल म्हनली. मागंच बसली.”

मी विचारलं, “सोजरआजी थंडीत काय पांघरते गं?”

“पोतं, आन् तीच शाल. का रं?”

“सहज.”

फोन ठेवल्यावर मी लगेच उठलो असं नाही. आधी चहा केला. आटपाडीला थंडी जास्त की साताऱ्याला, याचा विचार केला. वाकळीऐवजी आजीला नवीन ब्लँकेट पाठवता येईल का, हेही मनात आलं. आणि ब्लँकेट मलाच का आणता येऊ नये, हेही. मग वाकळीची घडी घातली.

शनिवारी जातोय. आठचीच गाडी. या वेळी एकच रुमाल टाकायचा आणि पिशवी मांडीवर घ्यायची, असं ठरवलंय. वजन बरंच आहे, गुडघे दुखतील. कोरेगावपर्यंत तरी धरीन म्हणतो.