दवाखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा

वारंगा फाट्यावरच्या आमच्या दवाखान्यात कॉम्प्युटर मीच आणला. डॉक्टरकी शिकून मी बाबांच्या शेजारी बसायला लागले, तेव्हा जुने केसपेपर सापडता सापडत नव्हते. पेशंट नांदेडला गेला की तिथले डॉक्टर आधीची औषधं विचारायचे आणि आमच्याकडे सांगायला काही नसायचं. बाबांना ते पटलं. "शिकव मला," म्हणाले.

ते खरंच शिकायला बसले. दुपारी गर्दी ओसरली की एका बोटानं टाइप करायचे. पण पेशंट समोर असला की त्यांना अक्षर सापडायचं नाही. आधी ते बोलत बोलत तपासायचे. मेंढरं कुठं बसवली, सून माहेराहून आली का, सगळं विचारायचे. आता नजर कीबोर्डमध्येच अडकून पडायची.

शिरड शहापूरकडची, मेंढपाळाच्या घरातली एक म्हातारी कितीतरी वर्षं त्यांच्याकडे यायची. त्या दिवशी तिला नुसता खोकला होता. बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत गप्प राहिले. तिनं पदर तोंडाला लावला.

"डाक्टर, काहून बोलून न्हाई राहिले? लई वाईट निघालं का त्याच्यात?"

"काही नाही आजी, साधा खोकला आहे."

"लपवू नका. आज तुमी माह्या तोंडाकडं पाह्यलंबी न्हाई."

बाबांनी परोपरीनं समजावलं. तिचा विश्वास बसला नाही. नंतर कळलं, घरी जाऊन तिनं लेकींना बोलावून घेतलं. पोरानं नांदेडला नेऊन सगळ्या तपासण्या केल्या. काही निघालं नाही. आमच्याकडे मात्र ती परत आली नाही.

मग मी टाइप करते, तुम्ही फक्त तपासा, असं ठरवलं. तेही जमलं नाही. माझं लिहून होईपर्यंत ते थांबायचे आणि पुढे काय विचारायचं होतं तेच विसरायचे. एका सकाळी त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि परत काढून ठेवला.

"तू बघ आता."

"बंद करू का ते, बाबा?"

"नको. तुझं बरोबर आहे."

मी स्टेथोस्कोप उचलला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

आता नोंदी व्यवस्थित असतात, मागचं औषध लगेच सापडतं. बाबा घरीच असतात. कुणी भेटायला आलं तरी फारसं बोलत नाहीत. पेशंट माझ्यासमोर बसतात, विचारलं तेवढंच सांगतात आणि चिठ्ठी छापून होईपर्यंत भिंतीकडे बघत राहतात.