मागच्या सीटवर आबा

आमच्या घरात माणसं सात आणि गाडी पाच जणांची. जळगावहून भडगावजवळच्या आमच्या गावी जायचं ठरलं की आदल्या दिवशी सगळेच थोडे गप्प होत. मग आक्का आपणहून म्हणत, "तुम्ही गाडीने व्हा पुढे. मी एसटीने येते. मला कुठे तिकीट लागतं!" पंच्याहत्तरी उलटल्यापासून त्यांना हे पक्कं कारण मिळालं होतं. धाकटीला मधोमध चेपून आम्ही सहाजण निघायचो. आक्का आमच्या आधी घर सोडायच्या, आमच्या नंतर गावी पोचायच्या आणि हातपाय धुऊन लगेच भाकरी थापायला बसायच्या.

आक्का म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. दोंडाईचाला दिलेली. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, तेव्हा भावाने घरी आणली ती कायमची. सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. आबांनी एसटीत पस्तीस वर्षं ड्रायव्हरकी केली, त्यातली पुष्कळशी धुळे डेपोत.

मोठी मुलगी माझ्या खांद्याला लागली आणि सहाजणही मावेनात, तेव्हा तीन रांगांची गाडी बघायचं ठरलं. माझ्या नवऱ्याचा स्वभाव वहीत लिहून ठेवण्याचा. त्याने वही केली. कोणत्या गाडीचं अॅव्हरेज किती, एअरबॅग किती, खालून किती उंच, बॅटरीची वॉरंटी किती वर्षं. नुसतं पेट्रोल घ्यायचं की हायब्रीड, या एका प्रश्नावर आमच्याकडे पंधरा दिवस जेवणं झाली.

"हायब्रीड म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि सोबत एक मोटर," तो आबांना समजावत होता. "ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप चार्ज होते. प्लग लावायचा नाही."

"म्हणजे उतारावर कमवायचं आणि चढावर खर्चायचं," आबा म्हणाले. "बरं आहे की."

एप्रिलच्या एका रविवारी आम्ही शोरूममध्ये गेलो. मोठीचा क्लास होता, म्हणून ती घरीच राहिली. गाडी दाखवायला पन्नाशीचे एक भाई होते. पूर्वी त्यांचं स्वतःचं गॅरेज होतं, त्यामुळे आबांशी त्यांचं लगेच जमलं. आधी पेट्रोलची गाडी काढली. गिअरची, मधल्या रांगेत सलग सीट असलेली. भाईंनी किल्ली आबांच्या पुढे धरली. "नाना, या. तुम्हीच चालवा."

आबांनी किल्ली माझ्या हातात दिली. "ही चालवेल. मी मागे बसतो."

"मागे कशाला?" नवरा म्हणाला.

"पस्तीस वर्षं पुढेच बसलो. मागच्या सीटवर गाडी कशी लागते, मला काय माहीत? गाडी बघायची तर तिथून बघायची."

मधली सीट पुढे दुमडून आबा आत शिरले. शिरले म्हणजे, एक पाय आत, मग डोकं, मग टोपी पडली, मग भाईंनी कोपराला धरून उरलेलं माणूस आत लोटलं. शेजारी धाकटी टुणकन जाऊन बसली. मधे नवरा, सासूबाई आणि आक्का. माझ्या शेजारी भाई.

पाचोऱ्याच्या रस्त्याला लागलो. गाडी नवी, माझा पाय क्लचवर बसलेला नव्हता. गावागावाशी गतिरोधक. गिअर बदलताना गाडी थोडी उचकत होती. भाई सांगत होते, नवरा वहीत टिपत होता, सासूबाई विचारत होत्या की दादर ज्वारीचं पोतं कुठे बसेल. मागून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. एरवी मी चालवत असले की आबा दर दोन मिनिटांनी सूचना करतात.

"आई, थांबव!" धाकटी ओरडली. "आबांना बघ काय होतंय."

मी गाडी कडेला घेतली. आबा घामाने निथळत होते, चेहरा पांढराफटक. मधली सीट दुमडून त्यांना बाहेर काढेपर्यंत आम्हा सगळ्यांचा जीव वर-खाली. बाहेर येऊन ते लिंबाच्या झाडाला धरून उभे राहिले आणि भडाभडा ओकले.

भाई धावत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आले. नवरा डॉक्टरांना फोन लावायला निघाला. आबांनी हातानेच नको म्हटलं. चूळ भरली आणि रस्त्याखालच्या मोरीच्या कठड्यावर बसून हसायला लागले. लाजून हसत होते.

"पस्तीस वर्षांत एकदा नाही," ते म्हणाले. "घाटात नाही, पावसात नाही. आणि आज गाडी लागली!"

आक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. म्हणाल्या, "मागे बसलं म्हणजे डोळे मिटायचे नसतात. लांबचं एक झाड धरायचं आणि त्याच्याकडेच बघत राहायचं."

दोघं भावंडं एकमेकांशी बोलताना मधेच अहिराणीत शिरतात. आबांनी विचारलं, "तुले कसं माहीत?"

आक्कांनी त्यांच्या हातातली बाटली घेऊन झाकण लावलं. मग सहज सांगावं तसं म्हणाल्या, "तुन्ही गाडीमा बठ्ठा रस्ता मन्हं असंच व्हये."

आबांच्या गाडीत सगळा रस्ता त्यांचंही असंच व्हायचं, ते सगळं मग बाहेर आलं. नवीन लग्न झालेलं, तेव्हा आक्का माहेरी आल्या की परत दोंडाईचाला जाताना आबांच्याच गाडीने जायच्या. आबाही तेव्हा नोकरीत नवीनच. बहीण आपल्या गाडीत आहे, या आनंदात ते मिशीला पीळ देऊन गाडी हाकायचे. आक्का मात्र सगळ्यात मागच्या सीटवर बसायच्या. ड्रायव्हरने आपल्या बहिणीला पुढची जागा धरली, असं कोणी म्हणायला नको, म्हणून. आणि धुळे सोडलं की दोंडाईचा येईपर्यंत खिडकीबाहेर डोकं.

"कधी बोलली नाहीस ते?" आबा म्हणाले.

"तुन्ही गाडी व्हती ना, भाऊ."

आबा खाली मान घालून बसले. गमछ्याने तोंड पुसलं, पुन्हा पुसलं. "मी आरशात बघायचो मागे," ते म्हणाले. "तू तर हसत असायचीस."

"आरशात तू दिसायचास. म्हणून हसायचे."

सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. नवऱ्याने वही मिटली. माझ्या एकदम लक्षात आलं, की आक्कांना आम्ही एसटीत बसवून देतो तेव्हा त्या कुठल्या सीटवर बसतात, हे आमच्यापैकी कोणीही कधी विचारलेलं नाही.

परतताना आबा पुढे बसले आणि भाई मागे गेले. शोरूममध्ये लिंबूसोडा पिऊन आबांना तरतरी आली. भाई म्हणाले, "नाना, खोटं नाही बोलत. तिसरी रांग पोरांसाठीच असते. कुठल्याही कंपनीची घ्या. हायब्रीड उद्या बघा, आज आराम करा."

"आज बघायची," आबा म्हणाले. "आणि याही गाडीत मागेच बसणार."

या गाडीत मधल्या रांगेला दोन सुट्या खुर्च्या होत्या आणि दोहोंच्या मधून मागे जायला वाट. आबा वाकून त्या वाटेने गेले, टोपीसकट. "एसटीसारखी वाट शे," ते आतून म्हणाले, आणि मग तिथूनच हुकूम आला, "आक्का पुढे बसेल."

"मी कशाला पुढे? मला काय कळतं गाडीतलं?"

"तू बस."

भाई या खेपेला मधे बसले आणि सासूबाई सोडा संपवत शोरूममध्येच थांबल्या. मी बटण दाबलं. आवाज नाही, थरथर नाही. फाटकातून बाहेर पडून आम्ही रस्त्याला लागलो तरी आक्का वाट बघत होत्या. शेवटी त्यांनी मला हळूच विचारलं, "गाडी बंद शे का?" सगळे हसले. इंजिन नंतर केव्हातरी सुरू झालं, लांब कुठे पिठाची गिरणी चालावी तसं. गिअरचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे माझ्या पायाचे दोष झाकले गेले. मी सारखी विचारत होते, "आबा?" आणि मागून येत होतं, "चाल तू." त्याच रस्त्याने, त्याच लिंबापर्यंत जाऊन आलो. आबा लांबची झाडं बघत होते.

उतरल्यावर नवऱ्याने पुन्हा वही उघडली. आबांनी सांगितलं, "लिही. गुडघे छातीला लागतात. मांडीला आधार नाही. एसीचा वारा येतो, पण नुसता कानात. मोठं माणूस तिथे तासाच्या वर बसवायचं नाही. पण ही हिसके देत नाही. घ्यायची तर हीच घ्या. आणि आक्का मागे बसणार नाही, हे पण लिही."

नवऱ्याने ते खरोखर लिहिलं.

गाडी यायला पाच महिने लागले. कंपनीने सांगितलेलं अॅव्हरेज आमच्या उन्हाळ्यात मिळत नाही, एसीच सगळं खातो. तिन्ही रांगा भरल्या की मागे दोन पिशव्या आणि एक डबा एवढंच मावतं. सासूबाई दर खेपेला पोत्यावरून बोलतात. मागे दोघी मुली असतात आणि चार्जरवरून भांडतात, दोघींच्या मधे नवरा चेपून बसतो.

पुढे आक्का. पहिल्या खेपेला त्यांनी सीटला पाठसुद्धा टेकली नाही, पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. आता त्या पुढे बसून बोलतात. पंधरा वर्षं मी या घरात आहे, पण आक्कांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. दोंडाईचाच्या बाजारातल्या मिरचीने कसा ठसका लागायचा, सासू कशी आधी आपल्याला वाढून मग स्वतः जेवायची. परवा गावी जाताना त्या स्वतःच्या नवऱ्याबद्दल बोलल्या. त्याने त्यांना पहाटे कापसाच्या जिनिंग गिरणीमागच्या मोकळ्या जागेत सायकल शिकवली होती.

"आक्का, तुम्हाला सायकल येते?" माझा पाय ब्रेकवर गेला.

"येत होती ना. एका हाताने चालवायचे," त्या म्हणाल्या. मग समोर बोट दाखवलं, "हळू घे, केळीचा ट्रॅक्टर आहे."