अल्तारकडे पाठ नको

मार्सेल अंकलवर मी त्यांच्याच घरात, त्यांच्या गेलेल्या बायकोच्या फोटोसमोर ओरडले, हे आधीच सांगून टाकते. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, आणि मी त्यांना विचारलं, "तुम्ही तिथे तोंडाला कुलूप लावून का बसलात?" इतिहास शिकवणाऱ्या बाईला राग आवरता यायला हवा, असं माझे विद्यार्थी म्हणतील. त्यांना काय जातंय म्हणायला!

तहसील कचेरीत त्या दिवशी आमच्या आळीची पुरती शोभा झाली होती. आळी म्हणजे वसई गावातली आमची वरची आळी. मी मूळची कणकवलीची, आडनाव परब, एकोणीस वर्षांपूर्वी इथल्या इमारतीत फ्लॅट घेतला आणि तेव्हापासून सगळ्यांची 'टीचर' झाले. आळीच्या मध्यावर दगडी क्रूस आहे. त्याच्या डाव्या हाताला आमची इमारत, उजव्या हाताला बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. पावसाळ्यात अख्ख्या आळीचं पाणी त्यात उतरतं आणि विहिरींना उन्हाळाभर पुरतं. उतरायचं, असं म्हणायला हवं. कारण दोन वर्षांपूर्वी ती जागा विकली गेली, भोवती पत्रे लागले, आणि आत डेब्रिसच्या गाड्या रिकाम्या व्हायला लागल्या. गेल्या जुलैत मटिल्डा आंटींच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी होतं आणि गॅसचा सिलिंडर दारापर्यंत तरंगत आला होता.

भराव थांबवा म्हणून आम्ही तहसीलदारांकडे अर्ज केला. समोरच्यांचं, म्हणजे जागा घेणाऱ्यांचं, म्हणणं असं की हे बावखल नव्हेच, कुणीतरी घर बांधायला माती काढली त्याचा खड्डा आहे. जुन्या कागदात 'क्रूसाशेजारी बावखल' एवढंच लिहिलेलं, कुठल्या बाजूला ते नाही. म्हणजे त्यांच्या मते खरं बावखल क्रूसाच्या डावीकडे होतं, ते कधीच बुजलं आणि त्यावर आता इमारत उभी आहे. कुठली इमारत? तर माझी! माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या तुळशीखाली म्हणे एके काळी बेडूक होते. मे महिना लागला होता आणि गाड्या रोज येत होत्या. अजून एक महिना असाच गेला असता, तर पावसाला उतरायला जागाच राहिली नसती.

तेव्हा मला फोटो आठवले. इथल्या कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीला वाजतगाजत पाणी आणायला नेतात. आमच्या आळीत ते पाणी बावखलातूनच यायचं. पुढे बँड, मागे लाल लुगड्यातल्या बायका, नवरीच्या डोक्यावर कळशी. क्रूसापाशी सगळे थांबायचे, आणि समोरच्या क्लेमेंटीनबाईंच्या ओट्यावर चढून मार्सेल तुस्कानो फोटो काढायचे. एकोणसत्तर साली एस.टी. स्टँडजवळ त्यांनी स्टुडिओ टाकला आणि दोन हजार नऊला बंद केला. मधली चाळीस वर्षं तोच ओटा, तीच वेळ, तेच अंतर. फोटोत नवऱ्या बदलत गेल्या, मागची कौलारू घरं बदलली, केळीच्या वाडीच्या जागी भिंत आली, पहिला स्लॅब पडला. क्रूस आणि पाणी मात्र जागच्या जागी. आळीचा इतिहास कुणी लिहिला नव्हता, तो असा भिंतींवर टांगलेला होता.

मी घरोघर फिरून चौदा फोटो गोळा केले. लोकांनी ते सहज दिले असं समजू नका. फ्रेम उतरवली की भिंतीवर पांढरा चौकोन उरतो, आणि त्या चौकोनाकडे बघून बायका हळव्या व्हायच्या. मार्सेल अंकलच्या घरी पंधरावा होता, त्यांच्या बायकोचा, क्लारा आंटींचा. तो मागितला तेव्हा ते म्हणाले, "तो नको, टीचर." मी आग्रह केला नाही. चौदा भरपूर होते.

कचेरीत समोरच्या वकिलांनी ते चौदाही फोटो टेबलावर ओळीने मांडले. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी शांतपणे दोन ढीग केले.

"साहेब, या सात फोटोंत पाणी क्रूसाच्या उजवीकडे आहे. आणि या सातांत डावीकडे. यांचं बावखल चालत होतं काय?"

साहेब हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. बाकी सगळे हसले. मी फोटो पुन्हा पुन्हा बघत होते. आठवडाभर ते माझ्या घरी पडून होते, मी त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या, सालं लिहिली, आणि एवढं मोठं तळं माझ्या नजरेतून सुटलं! मी मागे वळून मार्सेल अंकलकडे पाहिलं. ते बाकावर मान खाली घालून बसले होते. बोटं एकमेकांत गुंतवलेली. साहेबांनी आठवड्यानंतरची तारीख दिली, तरी ते उठले नाहीत.

आणि म्हणून मी त्यांच्या घरी जाऊन ओरडले.

"बसा तर खरं, टीचर," ते म्हणाले. मग समोरच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे त्यांचा अल्तार होता, म्हणजे घरातला देव्हारा. मारियाबाईची मूर्ती, मेणबत्ती, मोगऱ्याचा गजरा. शेजारी क्लारा आंटींचा फोटो.

"क्लाराचं तोंड कुठे आहे?"

"अल्तारकडे."

"कुणाच्याही घरी जा. नवरीचं तोंड अल्तारकडेच दिसेल. पाठ दिसणार नाही."

मला अजून कळलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं. बायका नेहमी एकाच बाजूने चालत यायच्या, त्यामुळे फोटोत नवरीचं तोंड एकाच बाजूला वळलेलं असायचं. पण कुणाच्या घरात अल्तार फोटोच्या या बाजूला, कुणाच्या त्या. पहिल्याच वर्षी एका म्हातारीने फोटो परत आणला. सुनेची पाठ देवाकडे येते, असला फोटो घरात नको, म्हणाली. मार्सेल अंकलनी डार्करूममध्ये निगेटिव्ह उलटी ठेवली आणि दुसरी प्रिंट काढली. म्हातारी खूश. त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलंच नाही. फोटो द्यायच्या आधी घरी जाऊन अल्तार कुठे आहे ते बघून यायचे, आणि लागलं तर निगेटिव्ह फिरवायचे. निम्म्या आळीतली नवरी फिरली, आणि नवरीबरोबर क्रूस, घरं, पाणी, सगळंच.

"मग कचेरीत सांगायचं ना हे!"

"सांगून?" ते पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. "टीचर, यातली बरीच माणसं आता नाहीत. भिंतीवरचं तोंड तेवढं राहिलंय. मी उठून सांगू, की तुम्ही रोज ज्याला मेणबत्ती लावता ते तोंड उलटं आहे?"

माझा राग तिथेच विरला. त्याच्या जागी जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. सांगितलं नाही तर बावखल जाणार. सांगितलं तर हा माणूस आळीतून उठणार. निगेटिव्ह दाखवता आल्या असत्या, पण त्या बिस्किटांच्या डब्यांत एकमेकींना चिकटून त्यांचा लगदा झाला होता.

"उलटा कुठला आणि सुलटा कुठला, ओळखायचं कसं?" मी विचारलं.

"खिसा बघा. बायकांच्या मागे पुरुष असतात, बुशशर्टातले. शर्टाला खिसा डाव्या छातीवर. उजवीकडे दिसला, की तो फोटो मी फिरवलेला."

मी घरी पळत आले आणि भिंग घेऊन बसले. चौदाही फोटोंत कुणी ना कुणी बुशशर्टवाला होताच. खिसा डावीकडे असेल तिथे पाणी क्रूसाच्या उजवीकडे. खिसा उजवीकडे, तर पाणी डावीकडे. एकही चुकला नाही. पुरावा होता, आणि तो द्यायचा म्हणजे मार्सेल अंकलना उभं राहून बोलावं लागणार होतं.

त्यांनी एकच अट घातली. कचेरीत कळायच्या आधी सातही घरांना घरात कळलं पाहिजे, आणि ते तेच सांगणार. मला बरोबर घेतलं, पण बोलू दिलं नाही. पहिल्या चार घरांत लोक गोंधळले, हसले, चहा दिला. पाचवं घर व्हेरोनिका आंटींचं. त्यांची मुलगी जीना लग्नानंतर दोनच वर्षांत गेली. मार्सेल अंकल दारातच उभे राहून आपल्या बोलीत हळूहळू सांगत होते. मला ती बोली निम्मीच कळते, पण व्हेरोनिका आंटींचा चेहरा पुरता कळला.

"माझ्या जीनाचं तोंड फिरवलंस तू?" त्या म्हणाल्या, आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे येऊन आपली फ्रेम उचलून घेऊन गेल्या. अडवायची माझी हिंमत झाली नाही.

त्या दिवशी त्यांच्या दारातून परतताना मार्सेल अंकल क्रूसापाशी थांबले. पत्र्यांच्या आत गाडी रिकामी होत होती. धूळ त्यांच्या चष्म्यावर बसली तरी त्यांनी तो पुसला नाही. मी म्हटलं, उरलेली दोन घरं उद्या करू. ते म्हणाले, "उद्या मला जमणार नाही. आजच."

शेवटचं घर मटिल्डा आंटींचं. चौऱ्याहत्तर सालची नवरी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणून होय! बाकीच्या फोटोंत मी मेली कुणीतरी दुसरीच दिसते. तुझ्या एकाच फोटोत आरशातल्यासारखी दिसते. पन्नास वर्षं मी लोकांना सांगते, मार्सेलसारखा फोटोग्राफर नाही!" आणि त्या इतक्या हसल्या की मला रडू आलं. मार्सेल अंकल हसले नाहीत. ते खुर्चीवर बसले आणि पाणी मागितलं.

पुढच्या तारखेला टेबलावर तेरा फोटो होते. मार्सेल अंकल उभे राहिले. त्यांनी टेबलाची कड धरली होती. त्यांनी अल्तारचं सांगितलं, म्हातारीचं सांगितलं, खिशाचं सांगितलं. वकील लगेच उठले.

"साहेब, हा माणूस स्वतः सांगतोय की तो फोटो उलटे करायचा. अशा माणसाच्या फोटोवर भरवसा कसा ठेवायचा?"

मार्सेल अंकल मात्र वकिलांकडे वळलेच नाहीत.

"साहेब, माझ्यावर ठेवू नका. मी खोटा. पण मी नवरी फिरवली तेव्हा मागच्या माणसाचा खिसाही फिरला. तेव्हा मला काय माहीत, पुढे कुणी बावखल शोधायला येईल? तुम्हीच मोजा."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि एकेक फ्रेम डोळ्यांजवळ धरून मोजलं. तेरा फोटोंना किती वेळ लागतो? मी त्यांच्याबरोबर मनातल्या मनात मोजत होते. मग ते म्हणाले, जागेवर येऊन पाहणी आणि मोजणी होईल, आणि तोपर्यंत तिथे एक पाटीसुद्धा भराव टाकायचा नाही. एवढंच. जिंकलो असं नाही. मोजणी कधी, कशी, काय निघेल, हा घोर अजून आहेच. पण त्या संध्याकाळी गाडी आली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही आली नाही.

व्हेरोनिका आंटी मार्सेल अंकलशी अजून बोलत नाहीत. रविवारी चर्चमध्ये मिस्साला दोघं एकाच बाकावर बसायचे, आता मार्सेल अंकल मागे बसतात.

पाऊस यायच्या आदल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे गेले. मोजणीची नोटीस आली होती, ती दाखवायला. दार उघडंच होतं. अल्तारच्या शेजारी भिंतीवर पांढरा चौकोन होता, आणि मार्सेल अंकल कपाटाच्या आरशासमोर पाठमोरे उभे होते. हातात क्लारा आंटींची फ्रेम.

"हिचा फोटो मीच काढलाय," ते मागे न बघता म्हणाले. "नवऱ्याने त्या दिवशी नवरीला बघायचं नसतं. पण दुसरा फोटोग्राफर होता कुठे? डोळे मिटून बटण दाबलं. ही ओरडली, डोळे उघड, नाहीतर माझं डोकं कापशील."

मी जवळ जाऊन फोटोकडे बघितलं. क्रूसाच्या डावीकडे पाणी. म्हणजे हाही फिरवलेला. पाण्याकडे बघून ते लक्षात आलं असतं, पण त्यांनी इतकी वर्षं पाण्याकडे बघितलंच नव्हतं.

"टीचर, हिच्या गालावर तीळ होता. ही गेल्यापासून तीन वर्षं मी रोज फोटोत बघतोय, डाव्या गालावर. काल मटिल्डाला विचारलं. ती म्हणाली, उजव्या."

त्यांनी फ्रेम आरशाकडे वळवून वर धरली. आरशात क्लारा आंटी कळशी घेऊन उलट्या बाजूला निघाल्या होत्या. तीळ उजव्या गालावर होता, आणि पाणी क्रूसाच्या उजवीकडे.

"अशी लावली तर अल्तारकडे पाठ येते हिची," मार्सेल अंकल म्हणाले. मग त्यांनी भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे एकदा बघितलं.

"पण अशी होती ती," ते म्हणाले, आणि फ्रेम धरून तिथेच उभे राहिले.