बंद दालनाच्या दारात
बाबा शाळेत चित्रकला शिकवायचे. नजर अधू होऊ लागली तेव्हा त्यांनी एकच इच्छा सांगितली, संग्रहालयातली जुनी चित्रं एकदा पाहायची. मनीषनगरच्या आमच्या घरून तिथे जायचा बेत मी दोनदा आखला. एकदा संग्रहालयाची सोमवारची सुट्टी आडवी आली, एकदा त्यांचा गुडघा. जिने किती चढावे लागतील हे विचारायला आठवडाभर फोन केले, पण कोणी उचललाच नाही.

शेवटी ऑटो करून गेलो, तर चित्रांचं दालन दुरुस्तीसाठी बंद. मी पहारेकऱ्याशी भांडले.

"काहून चिडून राहिली वं? त्याच्या हातात काय आहे?" बाबा म्हणाले.

मग ते त्यालाच आतल्या चित्रांचे रंग खोदून खोदून विचारू लागले. तो आठवून सांगत होता. माझा राग मात्र घरी पोचेपर्यंत उतरला नाही.