द्वारकाबाईंवर दोन शब्द

हसणार नाही असं कबूल करा, तरच सांगते. गेल्या वर्षी घाटंजीत मी जो घोळ घातला ना, तो आठवला की अजून कान गरम होतात!

द्वारकाबाई म्हणजे माझ्या मराठीच्या बाई. कास्तकाराची पोर. कपाशी निंदता निंदता, किराण्याच्या पुडीचे कागद उलगडून वाचायला शिकलेली. पुढे जन्मभर शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर घरच्या ओट्यावर शिकवलं. मी मराठीची शिक्षिका झाले ती त्यांच्यामुळेच. पण मारेगावला राहायला गेल्यापासून, सांगायला लाज वाटते, तीन वर्षं त्यांना भेटले नव्हते.

एक दिवस एसटीत बसले असताना रफिकचा फोन. रफिक शाळेत माझ्या दोन वर्ग मागे, आता घाटंजीत गॅरेज आहे त्याचं. बस ही खडखडतेय! ऐकू काय येणार, कप्पाळ?

"ताई, आपल्या बाई... गेल्या... रविवारी शाळेत कार्यक्रम... दोन शब्द बोलजा."

फोन कट! मी बसमध्येच हमसून हमसून रडले. शेजारच्या अनोळखी बाईनं मला संत्रं सोलून दिलं.

रविवारी पांढरी साडी नेसून पोचले. तर दारात रांगोळी! जिलेबीचा वास! मंडळी खुशाल हसतायत! मला काही कळेना. मग वाटलं, रडू नका असं बाईच सांगून गेल्या असतील. स्टेजवर मधोमध रिकामी खुर्ची, तिच्यावर शाल अन् नारळ. मी खुर्चीला फुलं वाहिली, वाकून नमस्कार केला. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

तेवढ्यात रफिकनं माईक हातात दिला.

"किती वाचायच्या बाई! किती जीव लावायच्या!" मी सुरू झाले. मग मनातलं पापच बाहेर पडलं. "आठवीत माझ्या ज्या निबंधाला बाईंनी पहिला नंबर दिला, तो माझ्या बहिणीनं लिहिला होता. सांगायचं राहूनच गेलं. आता कोणाला सांगू?"

रफिक खालून हातवारे करत होता. मला वाटलं, आवरा म्हणतोय. म्हटलं, "चला, दोन मिनिटं उभे राहू या." बुचकळ्यात पडलेले लोक उभे राहिले. मी डोळे मिटले.

अन् टाळ्या! श्रद्धांजलीला टाळ्या? डोळे उघडते तो काय, काठी टेकत द्वारकाबाई स्टेजवर चढतायत!

"बसा, बसा. कायले उभे राह्यले सारे?" मग माझ्याकडे वळून, "मी बाजूच्या खोलीत पुस्तकं पाहून राह्यलती. सारं ऐकू आलं."

मी माईकमध्येच ओरडले, "रफिक, तूच तर म्हणाला, बाई गेल्या!"

"नव्वदीत गेल्या म्हटलं न ताई! सत्कार आहे आज!"

अख्खी सभा पोट धरून हसली. बाई मात्र हसल्या नाहीत.

"निबंधाचं मले तवाच समजलं होतं. तुह्या बहिणीची भाषा मी ओळखत होती. पण तू वाचला मस्त, त्याचा नंबर देल्ला." मी डोळे पुसते न पुसते तोच पुढचं आलं, "पण भाषणात सारी क्रियापदं भूतकाळात काहून? म्हण पुन्हा, वर्तमानकाळात!"

तीस वर्षं पोरांना काळ शिकवलेली मी! भर सभेत अख्खं भाषण पुन्हा केलं. आणि त्यातही दोनदा 'होत्या' निघालंच!