शेजाऱ्याचं ताट

आमच्या शाळेत स्वतःचं ताट स्वतः धुवायला बंदी आहे. जेवण झालं की उजव्या हाताला बसलेल्याचं ताट आपण उचलायचं, नळावर न्यायचं आणि राख-काथ्यानं घासायचं. आपलं ताट डावीकडचा उचलतो. ओळीच्या शेवटी बसलेला पहिल्याचं धुतो. नळाशी आळीपाळीनं एक मुलगी मॉनिटर म्हणून उभी असते. ती ताट उन्हात धरून बघते. ‘हाव’ म्हणाली तर ताट चळतीवर जातं, ‘परत’ म्हणाली तर पुन्हा घासायचं. तिथं वशिला चालत नाही. शाळा चालवणाऱ्या मोठ्या सिस्टरांचं ताट परत गेलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. माझं कितीदा गेलंय ते विचारू नका.

ही पद्धत कुणी घातली ते आता कुणाला नक्की सांगता येत नाही. सिस्टर बायबलातल्या शेजारधर्माकडे बोट दाखवतात. स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणतात, आपापलं ताट धुवायला सोडलं की पोरी नुसतं पाण्यातून काढायच्या, म्हणून ही शक्कल. मला दोन्ही पटतं. एक गोष्ट मात्र खरी, पंगतीला बसेपर्यंत उजवीकडे कोण येणार ते कळत नाही, त्यामुळे जात बघून ताट धुण्याची सोय राहत नाही. एका पालकांना ते सोसलं नाही. आमची लेक कुणाचंही उष्टं काढणार नाही म्हणाले. सिस्टरांनी त्यांना चहा पाजला आणि दाखला हातात दिला. त्या दिवशी मला ही शाळा फार म्हणजे फारच आवडली.

शाळा मिशनची, किनवटच्या बाजूची, जंगलाला लागून. मी तिथं खेळ शिकवते. आमच्याकडे तांड्यांवरच्या मुली आहेत, आदिवासी पाड्यांवरच्या आहेत, बाजारपेठेतल्या दुकानदारांच्या आहेत, मोहल्ल्यातल्या आहेत. सकाळची प्रार्थना सगळ्या मोठ्यानं म्हणतात, आणि त्यासाठी कुणी आपला देव घरी ठेवून येत नाही. आम्ही लिंगायत. माझ्या गळ्यातलं इष्टलिंग बघून सिस्टरांनी पहिल्या दिवशी एवढंच विचारलं होतं, “पोरींबरोबर पळताना हे टोचत नाही ना?”

अप्पांना हे सगळं फोनवर सांगून माझी जीभ झिजली. अप्पा म्हणजे माझे वडील. उदगीरला भुसार मालाचं दुकान, कपाळावर विभूती, आणि नाकावर माशी बसू देत नाहीत. बाहेरचं पाणीसुद्धा घेत नाहीत. मी थोरली, म्हणून घरात सगळे मला अक्का म्हणतात, तेही म्हणतात. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी एकच धोशा लावला होता. उदगीरच्या एका शाळेत खेळाच्या शिक्षिकेची जागा निघाली होती, संस्थाचालक त्यांच्या ओळखीचे, त्यांनी जागा धरून ठेवली होती.

“घराजवळ, आपल्या माणसांत. त्या मिशनच्या रानात काय करून राहिलीस तू?” हे रोजचं.

शेवटी एकदा मी वैतागून म्हणून गेले, “संमेलनाला या. एकदा शाळा बघा. बघूनसुद्धा चल म्हणालात, तर मुकाट्यानं तुमच्याबरोबर येते.”

“शब्द?”

“शब्द.”

आमच्या घरात शब्द म्हणजे शब्द. अप्पांचा धंदाच त्याच्यावर चालतो. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं. रागाच्या भरात मी माझी शाळा पणाला लावून बसले होते.

जानेवारीत संमेलनाच्या दिवशी अप्पा नांदेडहून येणाऱ्या सकाळच्या गाडीनं उतरले. स्वच्छ धोतर, हातात कापडी पिशवी. पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असणार हे मला विचारावं लागलं नाही. सिस्टरांना त्यांनी ‘शरणार्थ’ म्हणून हात जोडले. सिस्टर केरळच्या, पण इतकी वर्षं इथं काढलीत की त्यांनीही तितकंच वाकून ‘शरणार्थ’ म्हटलं. अप्पांची भुवई जरा वर गेली. मला वाटलं, सुरुवात तर झाली.

माझी सगळी भिस्त लेझमीवर होती. महिनाभर पोरींना मी मैदानात घामाघूम केलं होतं. पोरी उतरल्या आणि काय सांगू, पावलाला पाऊल, छणकाऱ्याला छणकार. मधली घडी उलगडून त्या वर्तुळात आल्या तेव्हा पालकांनी शिट्ट्या मारल्या. माझी मान ताठ झाली होती. खुर्चीवर बसलेल्या अप्पांकडे पाहिलं तर ते चष्मा पुसून राहिले होते.

“कसं वाटलं?”

“बरं हाय. उदगीरला गणपतीत बी असतंय की.”

मग नाताळची गाणी ढोलकीवर झाली, तांड्यावरच्या मुलींचा नाच झाला, सातवीचं नाटक झालं. अप्पांचं प्रत्येकाला ‘बरं हाय’. त्या ‘बरं हाय’चा मला इतका संताप आला की विचारू नका. संध्याकाळच्या गाडीनं ते मला घेऊन जाणार हे माझ्यापुरतं ठरलंच होतं.

दुपारी मैदानात पंगती बसल्या. संमेलनाच्या जेवणाला पालकही पंगतीत बसतात आणि नियम त्यांनाही लागतो, हे सिस्टर दरवर्षी माइकवर सांगतात. अप्पांना मी झाडाखाली खुर्ची देणार होते, तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, “अप्पा, घरचं खा, पण आमच्यात बसून खा.” आता पंगत चालू असताना वेगळं बसणं हा अन्नाचा अपमान, हे अप्पांचंच मत. मठात येईल त्याला जेवू घालतात, त्या दासोहाला ते दरवर्षी वाढायला उभे असतात, आणि पंगत मोडणाऱ्याला तोंडावर झापतात. ते बसले. डावीकडे मी. उजवीकडे एक पालक, पाड्यावरून आलेला मजूर, उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडणारा. त्याची मुलगी आमच्या सहावीत आहे, आणि नेमकी त्या दिवशी नळावर मॉनिटर तीच होती.

अप्पांनी मांडीवर रुमाल पसरून दशमी खाल्ली. आम्ही वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी खाल्ली. अप्पांपुढं ताट नव्हतं, म्हणून मला धुवायला काही नव्हतं. त्या मजुराच्या ताटाचं काय, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या मात्र आलं. शेठ काही उठत नाहीत हे बघून त्यानं आपलं ताट आपणच उचललं आणि खाली मान घालून नळावर गेला.

पोरीनं हात आडवा घातला. “बा, तुमचं तुमी न्हाई.”

“अगं, पावणे हायत ते. जेवले बी न्हाईत हितलं.”

“मंग काय झालं? पंगतीत बसले की.” आणि तिनं ताट बापाच्या हातातून काढून घेतलं, वर धरलं आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी हाक मारली, “ओ आजोबा! तुमच्या वाटचं ताट राहिलंय!”

सगळ्या माना अप्पांकडे वळल्या. एका पालकानं मोबाइल वर केला, त्याच्याकडे मी असं बघितलं की मोबाइल गुमान खिशात गेला.

“अक्का, काय म्हणती ही?” अप्पांनी विचारलं.

मी सांगितलं. उजवीकडचं ताट आपल्याकडं.

“मी हितला कण खाल्ला न्हाई.”

“खाल्ला न्हाई, हाव,” पोर तिथूनच म्हणाली. “पर बसला.”

मी उठले. म्हटलं, आपणच धुवून टाकावं आणि विषय मिटवावा. सिस्टरांनी पलीकडच्या ओळीतून नुसती ‘नको’ अशी मान हलवली. मला त्यांचा राग आला, पोरीचा आला, माझ्या तोंडातून गेलेल्या शब्दाचा तर सगळ्यात जास्त आला. आणि त्या रागातच मला ती पोर नीट दिसली. शाळेत आली तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणायची नाही, नुसता हात वर करायची. लेझमीच्या मागच्या ओळीत दुसरीच्या पाठीआड लपायची. आवाज पोटातून काढ, मान वर, असं मी तिच्यामागे दोन वर्षं ओरडत होते. आज मान वर होती, आवाज पोटातून येत होता, आणि तो नेमका माझ्या बापावर सुटला होता. पुढं काय होणार ही भीती होती, तरी मला त्या पोरीचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

अप्पा सावकाश उठले. “पंगतीत बसलो, हे खरं हाय,” असं स्वतःशीच म्हणाले. धोतराचा सोगा खोचला आणि नळावर गेले.

राखेशी अप्पांचा संबंध कपाळापुरता. ताट कसं धरतात इथपासून त्यांची सुरुवात होती. काथ्या एकदा हातातून निसटला, पाणी धोतरावर उडालं, तो मजूर बिचारा मागे उभा राहून “शेठ, ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या” पुटपुटत होता. अप्पांनी कसंबसं ताट विसळून पोरीपुढं धरलं.

आता ‘हाव’ म्हण गं बाई, एवढंच मी मनात म्हणत होते.

तिनं ताट उन्हात तिरकं केलं. काठावरून बोट फिरवलं. बोट बघितलं.

“कडंला वरण हाय. परत.”

कुणीतरी हसू दाबलं. मी डोळे मिटून घेतले. अप्पांच्या दुकानात गिऱ्हाइकाची सुद्धा छाती होत नाही माल परत करायची. डोळे उघडले तेव्हा अप्पा चष्मा नाकावर सरकवून तो काठ बघत होते.

“हाय खरं,” ते म्हणाले, आणि पुन्हा नळाखाली बसले. या वेळी बैठक मारून बसले. काठ नखानं खरवडला, मागची बाजूही घासली, जी कुणी घासत नाही. पोरीनं ताट घेतलं, फिरवलं, “हाव” म्हणाली, चळतीवर ठेवलं आणि पुढच्या माणसाकडं हात केला, “बघू तुमचं.” टाळ्या नाहीत, कौतुक नाही. आणखी बरीच ताटं तपासायची होती.

संध्याकाळपर्यंत अप्पा शाळाभर फिरले. प्रदर्शनातले पाचवीचे नकाशे बघितले, वसतिगृहात डोकावले, विहिरीच्या पाण्याची चौकशी केली. चल म्हणणार का, हे मी विचारलं नाही. शब्द दिला होता, आता बोलायची पाळी त्यांची. मी खोलीवर जाऊन कपड्यांची बॅगसुद्धा खाटेवर काढून ठेवली.

स्टेशनला निघताना फाटकाशी तो मजूर वाट बघत उभा होता. हात जोडून म्हणाला, “शेठ, पोर तोंडाळ हाय. मनावर घेऊ नका.”

“तोंडाळ?” अप्पा असे कडाडले की तो मागे सरकला. “अहो, लई सरळ पोर हाय तुमची. सगा बाप बघितला न्हाई, परका बाप बघितला न्हाई, ताट बघितलं. अशी पोर घडवाया काय लागतं, ठाव हाय का तुमाला?” आणि माझ्याकडं बोट करून म्हणाले, “ही शिकवती तिला. माझी लेक हाय ही.”

त्यांनी मला असं कुणाला दाखवल्याचं मी आजवर पाहिलं नव्हतं. मी त्यांची पिशवी नुसती या हातातून त्या हातात घेतली.

फलाटावर गाडीला वेळ होता. अप्पांनी खिशातून फोन काढला आणि उदगीरच्या त्या संस्थाचालकांना लावला. रेंज कमी होती, म्हणून किंवा अप्पांचं फोनवर बोलणंच तसं आहे म्हणून, आख्ख्या फलाटाला ऐकू गेलं.

“शरणार्थ. ती जागा दुसऱ्या कुणाला द्या. न्हाई, न्हाई, आमची अक्का मोकळी न्हाई. ती हितं कामात हाय.”