त्याले सांग, पाणी तापलं

२००४ साल. मी चौऱ्याहत्तरचा. माझा पोरगा विलास सेहेचाळीसचा होता, त्यापुढं त्याचं वय वाढलं नाही. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात तो रातपाळी करायचा, सकाळी काजळीनं काळा होऊन गुढियारीला, आमच्या वस्तीत, घरी यायचा. म्हणून मी अंगणात पाण्याचा बंब पेटवून ठेवत असे. त्या सकाळी पाणी कढून राहिलं होतं अन् फोन आला. पाळी संपता संपता छातीत कळ आली, खाली बसला... उठलाच नाही.

त्याला सव्वा महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस. नात म्हणाली, हे लिहिलेलं तपासून देते. मी म्हटलं, गरज नाही. चुकलं तर माझं चुकलं.

तीस वर्षं मी टॉकीजमध्ये मशीन चालवली. पडद्यावरचे बाप खूप पाहिले. पोराकडे पाठ, तोंड खिडकीकडे, अन् शेवटच्या रिळात त्याच पोराला छातीशी धरून रडणार. खालचं पब्लिक रडायचं, मी वर केबिनमध्ये हसायचो. आता एक गोष्ट समजते. सिनेमातला बाप गप्प बसला की मागून बाजा वाजतो, म्हणून लोकांना कळते की याच्या पोटात माया आहे. घरात बाजा कोण वाजवणार?

विलास मॅट्रिक पास झाला तेव्हा पेढ्यांचा पुडा घेऊन केबिनमध्ये आला, पाया पडला. मी म्हटलं, "बाजूले हो, कार्बन संपून राहिला." मशीनीत उजेड देणारी कार्बनची कांडी विझली की पडदा काळा होतो, लोक शिट्ट्या मारतात, हे खरं. पण रीळ संपल्यावरही मी मशीनच पुसत राहिलो. पुडा ठेवून तो निघून गेला... तिथून पुढं आमचं बोलणं बायकोमार्फत. माझा बापही माझ्याशी असाच होता, मला त्यात मोठेपणा वाटे. बायको गेल्यावर निरोप द्यायला मधे सून आली, सुनीता.

शेवटच्या रविवारी टीव्हीवर तसाच एक सिनेमा लागला होता. विलास एकदम माझ्याकडे वळला. "बाबा, तुम्हाले माझ्याशी काहीच बोलाचं नाही का?" इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ विचारलं. मी सुनेकडे पाहिलं. "त्याले सांग, सिनेमा पाहू दे."

इथल्या हिंदी शाळेत शिकलेली नात हसली. "आबाजी, खुद बोल दो ना, सामने तो बैठे हैं!"

विलासही हसला. "राहू दे पोट्टे. अजून शेवटचं रीळ आलं नाही."

मी उठून बाहेर गेलो.

फोन आला त्याच दिवशी, संध्याकाळी, त्याला अग्नी मीच दिला. त्याला पोरगा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उठलो अन् बंब पेटवला. सुनीता दारात आली. "बाबा, घरात सुतक आहे. विस्तव काहून पेटवता?" मी ऐकलं नाही. पाणी तापलं. रोज मी तिलाच सांगायचो, त्याले सांग, पाणी तापलं. त्या दिवशी तिला नाही सांगितलं. त्याच्या खोलीच्या दारापाशी गेलो, अन् म्हटलं, "विलास, पाणी तापलं."